रिस्टोअर केलेली १९३७ ची प्लिमथ सेडान घ्यावी का? पैसा कुठे थांबला ते आधी शोधा

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पेनसिल्व्हेनियात १९३७ ची प्लिमथ डीलक्स, चार दरवाज्यांची सेडान विकायला आहे. जाहिरातीत ‘पूर्ण रिस्टोरेशन’ लिहिलंय. रंग नवा, सीटं नवी, क्रोम नवं, इंजिन ‘रिबिल्ट’. हे काम विकणाऱ्याच्या वडिलांनी साधारण पंधरा वर्षांपूर्वी करून घेतलं आणि त्यानंतर गाडी फारशी चाललेली नाही. मागणी १८,५०० डॉलर. वाचकाला रविवारी बायको-मुलांना आणि भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन फिरायचंय. स्वतः ऑइल बदलण्यापलीकडे गाडीत हात घातलेला नाही. किंमत योग्य आहे का, आणि पुढेमागे पुण्याला परतलो तर गाडी बरोबर नेता येईल का, असे दोन प्रश्न आहेत.

किंमतीचं उत्तर मी देईन, पण ते शेवटाकडे. कारण तुम्ही नेमकं काय विकत घेताय हे जाहिरातीवरून अजून कळलेलं नाही. ‘रिस्टोअर केलेली’ या शब्दात नुसता रंग मारलेली गाडीही बसते आणि चासीपासून सुटी करून पुन्हा उभी केलेली गाडीही बसते. फोटोत दोन्ही सारख्याच चमकतात.

इथे सेडानचं एक गणित आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी चार दरवाज्यांची सेडान ही अमेरिकेतल्या साध्या संसारी माणसाची गाडी होती. कामावर जायला, चर्चला जायला, सुट्टीत सगळ्यांना कोंबून आजोळी जायला. संग्राहकांचा जीव मात्र उघड्या टपाच्या कन्व्हर्टिबलवर आणि दोन दरवाज्यांच्या कूपेवर. त्यामुळे त्याच वर्षाच्या, त्याच इंजिनाच्या कन्व्हर्टिबलपेक्षा सेडान खूपच कमी पैशात विकली जाते. पण काम करायला बसलं की सेडानला खर्च कमी येत नाही, उलट वाढतो. दरवाजे चार, काचा जास्त, काचांची रबरं जास्त, आतलं कापड जास्त, पत्रा जास्त. इंजिन बोअर करणारा, म्हणजे झिजलेले सिलिंडर कापून मोठे करणारा, किंवा बंपरला क्रोम करणारा माणूस ‘ही सेडान आहे’ म्हणून पैसे कमी घेत नाही.

याचा अर्थ असा की अशा सेडानवर केलेला पुरा खर्च विक्रीतून परत येत नाही. ज्याने केला त्याने हौसेने, बहुतेक वेळा ‘ही आमच्या आजोबांची गाडी’ म्हणून केलेला असतो. घेणाऱ्याच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे, दुसऱ्याने घातलेले पैसे तुम्हाला अर्ध्या किमतीत मिळतात. पण याच गणितामुळे बऱ्याच जणांचा हात मध्येच कुठेतरी आखडतो. तो आखडतो तो डोळ्यांना दिसणार नाही अशा जागी. रंगात नाही, सीटांत नाही. तो ब्रेकच्या नळ्यांत, रेडिएटरच्या मागे, वायरिंगमध्ये, दाराच्या तळाच्या पत्र्यात आखडतो. गाडी बघायला जाल तेव्हा मनात एकच प्रश्न ठेवा: पैसा कुठे थांबला?

मी प्लिमथचं हे साइड व्हॉल्व्हचं, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं, सहा सिलिंडरी इंजिन उघडायला कुर्ल्याच्या एका गॅरेजात शिकलो, आणि आता ओहायोत युद्धापूर्वीच्या गाड्यांची कामं करतो. कुर्ल्याचा संबंध उगाच सांगत नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लर कंपनीच्या डॉज, डिसोटो आणि प्लिमथ गाड्या जोडल्या. त्या गाड्यांत याच घराण्यातलं इंजिन असायचं. मुंबईच्या जुन्या मिस्त्रींना त्याची नस माहीत होती. खुद्द अमेरिकेत प्लिमथच्या मोटारींत हे साइड व्हॉल्व्हचं सहा सिलिंडरी इंजिन १९५९ पर्यंत बसत होतं. त्यामुळे पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, गॅस्केट, वॉटर पंप यांची आजही चणचण नाही. चणचण आहे ती फक्त १९३७ लाच लागणाऱ्या वस्तूंची: समोरची जाळी, मागच्या दिव्यांच्या काचा, बॉनेटवरचं मानचिन्ह, दारांच्या मुठी. गाडी बघताना यातलं काय नाही याची यादी करा. एखादी काच शोधायला एक इंजिन उभं करण्यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. दर ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला जुन्या गाड्यांच्या भागांचा मोठा बाजार भरतो. तुम्हाला तो जवळ आहे, एकदा जाऊन याच.

गाडीची निवड मात्र चांगली आहे, हे मनापासून सांगतो. नवशिक्या माणसाने कुटुंबासाठी युद्धापूर्वीची स्वस्त अमेरिकन गाडी घ्यायची तर मीही प्लिमथच सुचवली असती. प्लिमथला १९२८ च्या पहिल्या मॉडेलपासून हायड्रॉलिक ब्रेक आहेत. शेव्हरोलेने ते १९३६ ला आणले आणि फोर्डने थेट १९३९ ला. तोवर फोर्डचे ब्रेक सळ्यांवर किंवा केबलींवर चालत. शेव्हरोलेच्या बंद गाड्यांत १९३६ पर्यंत पत्र्याखाली लाकडी सांगाडा होता. तो कुजला की दारं लोंबतात, आणि ते लाकूड पुन्हा घडवणं हे सुताराचं आणि पत्रेवाल्याचं दोघांचं मिळून काम होतं. स्वस्तात मिळतेय म्हणून १९३५ ची शेव्हरोले बघायला जाल तर दार उघडून वर-खाली हलवून बघा. प्लिमथचा सांगाडा पोलादी. तिच्या इंजिनात तेल पंपाच्या दाबाने बेअरिंगांपर्यंत जातं आणि बेअरिंगचे शेल, म्हणजे सुट्या वाट्या, बदलता येतात. त्या काळच्या शेव्हरोलेच्या कनेक्टिंग रॉडला तेल बऱ्याच अंशी उडवून मिळायचं, आणि तिथली बेअरिंगं ओतीव, म्हणजे वितळलेला धातू जागेवरच ओतून केलेली, असायची. ती ओतून देणारे कारागीर आता विरळा. २०१ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ३.३ लिटरचं, ८२ अश्वशक्तीचं हे इंजिन साधं आहे, सोशीक आहे आणि समजायला सोपं आहे.

आता जाण्याआधी फोनवर काय मागायचं ते सांगतो. तीन गोष्टी मागा: काम चालू असतानाचे फोटो, बिलं आणि नंबर. ज्याने खरंच गाडी सुटी करून बांधली त्याच्याकडे उघड्या चासीचे, रंगाआधीच्या पत्र्याचे, स्टँडवर ठेवलेल्या इंजिनाचे फोटो असतात. पंधरा वर्षांपूर्वी माणसं फोटो काढतच होती. वडील करायचे, मला काही माहीत नाही, असं मुलगा म्हणाला तर ते खरंही असेल. तरी घरातला खोका, जुना कॉम्प्युटर शोधायला सांगा. बिलांत मशीन शॉपचं बिल बघा. ‘रिबिल्ट’ इंजिनाचं बिल असेल तर त्यावर बोअर किती ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठा) केला, क्रँक घासला का, व्हॉल्व्ह सीट बसवल्या का, हे लिहिलेलं असतं. नुसती हेड गॅस्केट आणि नवा रंग म्हणजे रिबिल्ट नव्हे. प्रदर्शनातली ढाल किंवा पदक दाखवलं तर कौतुक करा, पण ते गाडी दिसते कशी याचं असतं, चालते कशी याचं नसतं.

नंबरांबद्दल थोडं सविस्तर. त्या काळच्या अनेक अमेरिकन गाड्यांची मालकीची कागदपत्रं इंजिनाच्या नंबरावर झालेली आहेत, चासीच्या नाही. प्लिमथचा इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पुढे, डायनॅमोच्या वरच्या सपाट जागेवर ठोकलेला असतो. तुमच्या मॉडेलचा नंबर ‘पी ४’ ने सुरू व्हायला हवा. गाडीचा अनुक्रमांक उजव्या पुढच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावरच्या पट्टीवर असतो. दोन्हींचे स्वच्छ फोटो आणि मालकीच्या कागदाचा फोटो मागवा आणि एकमेकांशी ताडून बघा. इंजिन नंतरच्या प्लिमथ किंवा डॉजचं निघालं तर दचकू नका. २१७ किंवा २३० घन इंचांची पुढची इंजिनं सहज बसतात आणि रोजच्या चालवण्याला उलट बरी पडतात. फक्त कागदावरचा नंबर जुन्या इंजिनाचा आणि गाडीत नंबर दुसरा, अशी स्थिती असेल तर तो घोळ विकणाऱ्याने निस्तरावा, पैसे दिल्यावर तुम्ही नव्हे. मोटार वाहन कार्यालयात हेलपाटे घालत कागद मिळवता मिळवता वर्ष गेलेली माणसं मी बघितली आहेत.

विकणाऱ्याला आणखी एक सांगा: मी येईन तेव्हा इंजिन थंड असू द्या. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर निमूटपणे चहा-कॉफीला जा आणि दोन-तीन तासांनी या. थंड इंजिन कसं सुरू होतं यात निम्मी कथा असते. चोक ओढून, सेल्फ मारल्यावर ते थोडक्यात पकडायला हवं. सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालेल. निळा धूर, आणि गरम झाल्यावरही निळा, म्हणजे तेल जळतंय. गरम झाल्यावर ताशी ३० मैलांच्या आसपास तेलाचा दाब ३० ते ४५ पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) दरम्यान हवा. आयडलला तो उतरणारच, पण काटा तळाला टेकायला नको. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, तपासायला विकणाऱ्याने हरकत घेतली तर ती हरकतच तुमचं उत्तर आहे. सहाही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असणं हे एखाद्याचा आकडा मोठा असण्यापेक्षा महत्त्वाचं.

या इंजिनात एक जागा अशी आहे जिथे पैसा हमखास थांबतो, आणि मी कुठलीही क्रायस्लर घराण्यातली गाडी बघायला गेलो की आधी तीच बघतो. वॉटर पंपाच्या मागे, ब्लॉकच्या आत, पुढून मागपर्यंत एक लांब पत्र्याची नळी असते. तिला भोकं असतात, आणि त्यांतून थंड पाणी नेमकं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटांवर पडतं. नळी साध्या पोलादाची. दशकानुदशकं पाण्यात राहून ती गंजते, भोकं बुजतात किंवा नळीच विरून जाते. मग पाणी पुढच्या पुढे फिरत राहतं आणि मागचे दोन सिलिंडर तापतात. गंमत अशी की तापमानाचा काटा यातलं काही सांगेलच असं नाही. गाडी ठीक वाटते, आणि एक दिवस मागचा व्हॉल्व्ह जळतो. ही नळी बदलायला रेडिएटर आणि वॉटर पंप काढावा लागतो, आणि गंजलेली नळी ब्लॉकमधून तुकड्या-तुकड्याने ओढून काढायला कधी दिवस जातो. बाहेरून हे काम कुणालाच दिसत नाही. म्हणून ‘रिस्टोअर’ केलेल्या गाड्यांतही ते राहून गेलेलं असतं.

तपासायची युक्ती सोपी आहे. हार्डवेअरच्या दुकानात तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक स्वस्तात मिळते. गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालवून आणल्यावर इंजिन चालू ठेवून ब्लॉकच्या बाजूने पुढून मागे, प्रत्येक सिलिंडरपाशी तापमान मोजा. मागे थोडं जास्त असणारच. पण शेवटच्या सिलिंडरपाशी आकडा एकदम उडी मारत असेल, तर नळी गेली असं समजा. बिलात ही नळी बदलल्याची नोंद सापडली तर मात्र खूश व्हा, कारण ज्याने ही नळी बदलली त्याने बाकीचं कामही मन लावून केलेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

ब्रेकवर मी सगळ्यात जास्त अडून बसेन, कारण गाडीत आई-बाबा आणि मुलं बसणार आहेत. हायड्रॉलिक ब्रेक असले तरी सर्किट एकच. आजच्या गाडीत एक भाग फुटला तरी दुसरा गाडी थांबवतो. इथे एका चाकाची नळी फुटली की पेडल थेट फरशीला. हँडब्रेक चाकांवर नाही, गिअरबॉक्सच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर आहे. उभी गाडी धरून ठेवायला तो ठीक, पळती गाडी थांबवायला त्याच्यावर विसंबू नका. म्हणून मुख्य ब्रेक निर्दोष हवेत. आणि नेमकी इथेच तुमच्या गाडीची ‘फारशी चाललेली नाही’ ही गोष्ट चिंतेची आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. पंधरा वर्षं तेच ऑइल राहिलं तर मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडर आतून गंजून खड्डे पडलेले असतात, रबरी होज आतून फुगून अर्धे बंद झालेले असतात. दरवर्षी हजार मैल चाललेली जुनी गाडी मला गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या चकाचक गाडीपेक्षा जास्त भरवशाची वाटते. मध्यंतरी माझ्याकडे अशीच एक डॉज आली होती. रंगात आपला चेहरा दिसावा इतकी सुंदर, आणि पुढच्या उजव्या चाकाचा होज इतका बुजलेला की पेडल सोडलं तरी ते चाक मोकळं व्हायला चांगला वेळ लागायचा. गाडी एका बाजूला ओढते एवढीच मालकाची तक्रार होती.

चारही ड्रम उतरवून बघायला सांगा. मागच्या ड्रमांसाठी दणकट पुलर (ड्रम ओढून काढायचं अवजार) लागतो, कारण ते निमुळत्या अॅक्सलवर घट्ट बसलेले असतात. हातोडी मारून काढण्याचा प्रयत्न कुणाला करू देऊ नका. साधा पुलर आणून ‘निघत नाही’ म्हणणारा मेकॅनिक या गाड्या ओळखत नाही, हे तेव्हाच कळतं. आणखी एक: डाव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टांचे आटे उलटे आहेत. बोल्टवर ‘एल’ कोरलेला असतो. टायरच्या दुकानात न्याल तेव्हा आधी सांगा, नाहीतर पोरं मशीन लावून बोल्ट तोडतात. टायरवरचे तारखेचे चार आकडे बघा; पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही खोल असली तरी रिस्टोरेशनच्या वेळचे टायर असतील तर पाचही बदलायचे, त्यात तडजोड नाही.

पत्र्याकडे बघायला मात्र फार वेळ लागत नाही. चुंबक मऊ कापडात गुंडाळून न्या. दारांचा खालचा हातभर भाग, फुटबोर्डाच्या वरची पट्टी, मागच्या मडगार्डचा अंगाला जोडलेला भाग, डिकीचा तळ, पुढच्या प्रवाशाच्या पायाखालची फरशी. चुंबक जिथे सुटून पडतं तिथे पुटी, म्हणजे खड्डे बुजवायचा लेप, आहे. थोडी पुटी सगळ्यांत असते. पण एका दाराचा तळ पूर्ण पुटीचा असेल तर आत गंज अजून जिवंत आहे, आणि हा सुंदर रंग दोन हिवाळ्यांत फुगेल. कार्पेट उचलून बघण्याची परवानगी मागा. चारही दारं उघडून, हळूच ढकलून बंद करा. आपल्या वजनाने खटकन लागलेल्या दाराचा आवाज कानाला लगेच कळतो.

वायरिंगमध्ये एकच मुद्दा लक्षात ठेवा. ही गाडी ६ व्होल्टची आहे आणि हिचं धन टोक चासीला जोडलेलं आहे, आजच्या गाड्यांच्या उलट. ६ व्होल्टला बॅटरीच्या केबली अंगठ्याएवढ्या जाड लागतात. कुणीतरी दुकानातून १२ व्होल्टच्या पातळ केबली आणून लावल्या असतील तर गरम इंजिनावर सेल्फ रडतो, आणि मग लोक इंजिनालाच दोष देतात. जाड केबली लावल्या की ही ‘बिघडलेली’ गाडी तासाभरात सुधारते. मात्र रस्त्यात बॅटरी बसली तर शेजाऱ्याच्या १२ व्होल्टच्या गाडीवरून जंप देऊ नका. पेट्रोलच्या बाबतीत, अमेरिकेत मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराचा चुरा करतं. पंपाचा डायफ्रॅम आणि होज नव्या प्रकारचे आहेत का विचारा, आणि टाकी आतून स्वच्छ आहे का बघा.

आता तुमच्या रविवारबद्दल. ही गाडी ताशी ४५ ते ५० मैलांना आनंदात असते. तिचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली होण्याची लांबी, जास्त आहे, सव्वाचार इंचांहून जास्त, आणि मागच्या अॅक्सलचं गुणोत्तर शेतरस्त्यांसाठी ठेवलेलं आहे. टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या हमरस्त्यावर, ट्रकांच्या मध्ये ६५ ने पळवणं इंजिनावर अन्याय आहे आणि तुमच्यासाठी धोका. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या आसपासचे गावरस्ते, नदीकाठचे रस्ते, तिथे हिला न्या. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर अलगद बसवणारी रचना) नाही, गाडी पूर्ण थांबल्यावरच पहिला टाका, किंवा डबल क्लच, म्हणजे एका गिअरबदलात दोनदा क्लच दाबणं, शिकून घ्या. आई-बाबांना ही गाडी आवडेल, खात्रीने सांगतो. बसायची उंची खुर्चीसारखी आहे, टप उंच आहे, वाकून आत शिरावं लागत नाही, मागे पाय पसरता येतात.

मुलांबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. मूळ गाडीला सीटबेल्ट नाहीत. ते बसवता येतात, पण नुसते फरशीच्या पत्र्याला बोल्ट मारून नव्हे. खालून जाड पोलादी पट्ट्या देऊन, शक्य तिथे चासीत. मुलं लहान असून त्यांना खास सीट लागत असेल, तर ती या गाडीत नीट बसत नाही, आणि माझा सल्ला आहे की ती मोठी होईपर्यंत त्यांना गल्लीतल्या एखाद्या फेरीपुरतंच बसवा. त्या काळच्या बऱ्याच सेडानांचे मागचे दरवाजे मागच्या बिजागरीवर उघडत. तुमच्या गाडीचे तसे असतील तर चालत्या गाडीत मुठीला हात लागला की वारा दार उघडं ओढतो. कड्या तपासून घ्या आणि मुलं मध्ये, मोठी माणसं कडेला, असा नियम ठेवा.

मग किंमत. ती तीन गोष्टींवर अवलंबून आहे: कागद किती आहेत, ब्रेक आणि थंडाव्याची व्यवस्था आज कशी आहे, पत्रा खरा किती आहे. फोटो-बिलं आहेत, नळी बदललेली आहे, कॉम्प्रेशन चांगलं आहे, पत्रा बहुतेक चुंबक धरतो, आणि फक्त ब्रेक, टायर, रबरं एवढंच करायचंय, असं निघालं, तर त्या कामांचा अंदाज जवळच्या गॅरेजकडून लेखी घ्या, तेवढी रक्कम मागणीतून वजा करून बोला. अशी गाडी उभी करायला आज याच्या दुपटीहून जास्त लागेल, तेव्हा हजार-पाचशेवर अडून बसू नका. कागद काहीच नाहीत, आणि दिसणाऱ्या गोष्टी नव्या, न दिसणाऱ्या जुन्या, असं निघालं, तर ही छान रंगवलेली, पण रिस्टोअर न केलेली गाडी आहे असं धरून किंमत लावा. त्या स्थितीत १८,५०० मी देणार नाही, कारण इंजिन आणि ब्रेकचा पुढचा खर्च तुमच्या खिशातून जाईल आणि तो कधी परत येणार नाही. तुम्ही स्वतः काम करणारे असता तर मी वेगळं सांगितलं असतं. हाताने काम करणाऱ्याला अर्धवट गाडी परवडते, प्रत्येक तासाचे पैसे मोजणाऱ्याला नाही.

बघायला एकटे जाऊ नका. प्लिमथ ओनर्स क्लबचे सभासद पेनसिल्व्हेनियात आहेत आणि जाणकार सभासद आनंदाने बरोबर येतात. पेट्रोलचे पैसे आणि जेवण द्या. गाडी घेतलीत तर पहिल्या दिवशी ती चालवत घरी आणू नका, ट्रेलरवर आणा. नवं ब्रेक ऑइल, नवे होज, नवं इंजिन ऑइल, रेडिएटरचं पाणी बदलणं, एवढं झाल्यावरच रस्त्यावर काढा. विमा ठरलेल्या मूल्याचा घ्या, म्हणजे अपघात झाला तर कंपनी ‘जुनी गाडी’ म्हणून घसारा लावणार नाही. अशा विम्याला सहसा रोजची दुसरी गाडी आणि बंद गॅरेज लागतं. तुमच्याकडे दोन्ही असतील असं धरतो.

राहिला पुण्याचा प्रश्न. आयातीची परवानगी आणि सीमाशुल्क तुम्ही ज्या वर्षी न्याल त्या वर्षीच्या नियमांवर ठरेल, आणि जहाजाचं भाडं वेगळं. ते त्या वेळी सीमाशुल्काचं काम करणाऱ्या एजंटाकडून लेखी घ्या. पण नोंदणीचा नियम आत्ताच लक्षात घेण्यासारखा आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे आणि मुदत १० वर्षं. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते, नियमित वापरासाठी नाही. म्हणजे दर रविवारी सगळ्यांना घेऊन सिंहगड पायथ्यापर्यंत, हा बेत तिथे बसत नाही. आई-बाबांना फिरवायचं असेल तर ते इथे असतानाच फिरवा.

दुसरी अट याहून महत्त्वाची आहे. त्या नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात हवी; चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. अमेरिकेत मी ज्याला हरकत नाही म्हणालो ते नंतरचं इंजिन तिथे अडचण ठरू शकतं. म्हणून पुण्याचा विचार खरोखरच असेल तर पहिल्या फोनमध्येच इंजिन नंबरचा फोटो मागवा. तो ‘पी ४’ ने सुरू होत नसेल तर ही गाडी न्यू जर्सीतल्या रविवारांसाठी घ्या, पुण्यासाठी दुसरी शोधा.